भट्टी म्हणायचं की यंत्र?

रविवारी सकाळी नेरुळच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद पसरलेले होते. मामा निवृत्त. तारापूरच्या अणुवीज केंद्रात हेल्थ फिजिक्स विभागात त्यांची नोकरी झाली. छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लावून इतरांच्या बॅजचे आकडे तपासायचे, हे त्यांचं काम. भाची वकील, पर्यावरणाचे खटले चालवणारी. बिल्डरचा करारनामा तिने वाचून द्यायचा आणि बदल्यात मामांनी तिला ट्रिटियम समजावून सांगायचं, असा दोघांचा सौदा ठरला होता. संलयन ऊर्जेला, म्हणजे हलके अणू जोडून मिळणाऱ्या ऊर्जेला, सरकारांनी कोणता कायदा लावावा, यावर तिला एक टिपण लिहायचं होतं.

करारनामा तासाभरात वाचून झाला. संलयन मात्र जेवणं आटोपली तरी चालूच होतं.

“आधी एक शब्द खोडून टाक,” मामांनी तिच्या टिपणाच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘संलयन अणुभट्टी’ असं लिहिलेलं होतं. “अमेरिकेच्या कायद्यात ‘फ्यूजन मशीन’ म्हणतात. यंत्र. भट्टी नाही.”

“म्हणजे नाव बदललं की धोका बदलला?”

“धोका वेगळा आहे, म्हणून नाव वेगळं.”

भाची हसली. ‘वन’ कशाला म्हणायचं, ‘पाणथळ जागा’ कशाला म्हणायचं, यावरच तिचे निम्मे खटले चालतात. कायद्यात बारसं झालं की पत्रिका ठरलीच, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बारशाची ही घाई अलीकडची आहे. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरने इंधनाच्या गोळीवर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि त्या गोळीतून 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. लेझर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे 300 मेगाज्यूल ओढावे लागले होते, ही गोष्ट मथळ्यांमध्ये मावली नाही. पण खासगी गुंतवणूक त्याआधीच सुरू झाली होती आणि गुंतवणूकदारांचा पहिला प्रश्न विज्ञानाचा नव्हता. परवाना कोण देणार आणि किती वर्षांत, हे त्यांना हवं होतं.

अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगापुढे जानेवारी 2023 मध्ये तीन वाटा ठेवण्यात आल्या. संलयनाला अणुवीज केंद्रांचे नियम लावायचे. रुग्णालयातले किरणोत्सारी स्रोत, कारखान्यातले रेडिओग्राफी कॅमेरे आणि कण त्वरकांमध्ये तयार होणारे पदार्थ ज्या नियमांखाली येतात ते लावायचे. किंवा दोन्हींचा मेळ घालून धोक्याप्रमाणे एकाकडून दुसरीकडे जायचं. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी तिसरी वाट सुचवली. एप्रिलमध्ये पाचही आयुक्तांनी एकमताने दुसरी निवडली. जुलै 2024 मध्ये अमेरिकी संसदेच्या ‘ॲडव्हान्स’ कायद्याने त्यावर शिक्का उमटवला.

“स्वतःच्याच तज्ज्ञांनी मधला रस्ता सांगितला आणि आयुक्तांनी सर्वांत सोपा धरला,” भाची म्हणाली. “हे तुला खटकत नाही?”

“नाही खटकत. फुकुशिमात काय झालं, आठव.” मामांनी हातातली सुपारी फोडायची थांबवली. “2011 चा भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या ताबडतोब बंद पडल्या. साखळी प्रक्रिया थांबली. तरी इंधन वितळलं, कारण विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, उरलेले तुकडे नंतरही तापतच राहतात आणि त्सुनामीने पंप बंद पाडले होते. भट्टीच्या पोटात वर्षाहून जास्त काळाचं इंधन भरलेलं असतं. संलयनाच्या यंत्रात एका वेळी ग्रॅमभरही नसतं. दहा कोटी अंशांच्या पुढे तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीला जरा टेकला की विझतो. ते पेटतं ठेवणं हीच सत्तर वर्षांची रड आहे, आणि तू मला ते भडकेल म्हणून सांगतेस.”

“भडकेल असं मी म्हणत नाही. गळेल असं म्हणते.”

इथे मामांना ट्रिटियमवर यावंच लागलं.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. त्याचा बीटा किरण इतका दुबळा की माणसाची कातडीही भेदू शकत नाही. मात्र ट्रिटियम पाण्याच्या रेणूत शिरलं की ते पाणीच होतं. श्वासातून, कातडीतून, घोटातून आत जातं. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचात जड पाणी वापरतात, म्हणून तिथे ट्रिटियमशी रोजची गाठ. “आमच्याकडे बॅज पुरत नसे,” मामा म्हणाले. “लघवीचा नमुना द्यावा लागे. आकडा चढलेला दिसला की पहिला उपाय एकच, भरपूर पाणी पी. साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर जातं. भुताखेताची गोष्ट नाही ती. मोजता येते, आवरता येते.”

“मोजणारा माणूस दारात उभा असेल तर.”

“तो असतोच. ब्रिटनचंच घे.”

ब्रिटनचं उदाहरण मामांच्या आवडीचं. ऑक्सफर्डजवळ कल्हॅम इथे जेट नावाचं यंत्र 1983 ते 2023 अशी चाळीस वर्षं चाललं. त्यात ट्रिटियम वापरलं गेलं, तरी अणुवीज केंद्रांना लागतो तो परवाना त्याला कधी घ्यावा लागला नाही. पर्यावरण संस्था आणि कामगारांच्या सुरक्षिततेची देखरेख करणारी संस्था, या दोघींनीच त्याच्यावर लक्ष ठेवलं. ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटिश सरकारने मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवली, 2022 मध्ये उत्तर दिलं आणि 2023 च्या ऊर्जा कायद्यात लिहून टाकलं की संलयन केंद्राला अणुस्थळाचा परवाना लागणार नाही. नॉटिंगहॅमशरमधल्या वेस्ट बर्टन इथल्या जुन्या कोळसा वीजकेंद्राच्या जागेवर 2040 पर्यंत नमुना केंद्र उभारायचं, असा त्यांचा बेत आहे.

“मसुदा, हरकती, उत्तर, मग कायदा,” मामा म्हणाले. “तू कोर्टात हेच मागत असतेस ना?”

भाचीने मान डोलावली. ब्रिटनची पद्धत तिला मान्य होती. पुरावा मान्य नव्हता. 3 ऑक्टोबर 2023 रोजी जेटने 5.2 सेकंदांत 69 मेगाज्यूल उष्णता दिली. तो विक्रम होता. तिने फोनवर हिशेब केला: वीजबिलाच्या भाषेत 19 युनिट. त्यासाठी लागलेलं इंधन 0.2 मिलिग्रॅम.

“आता तूच मला शिकवलेला दुसरा आकडा,” ती म्हणाली. “एक हजार मेगावॉटचं संलयन वर्षभर चालवायचं तर सुमारे 55 किलो ट्रिटियम जळतं. जगात नागरी वापरासाठी साठा आहे सुमारे 25 किलो, तोही मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांमधून आलेला. म्हणजे प्रत्येक केंद्राने लिथियमवर न्यूट्रॉन आदळून स्वतःचं ट्रिटियम स्वतः पिकवायचं, काढायचं, गाळायचं, साठवायचं. हा कारखाना झाला, मामा. आणि असा कारखाना या प्रमाणात अजून कुठेही चाललेला नाही. मिलिग्रॅमचा अनुभव दाखवून किलोचा परवाना कसा मागायचा?”

मामा गप्प राहिले. ते चिडले की गप्प राहतात, आणि पटलं तरीही गप्पच राहतात.

मग त्यांनी फ्रान्सकडे मोर्चा वळवला. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे उभा राहणारा इटर हा सात भागीदारांचा प्रकल्प: युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत. पॅरिसमध्ये 21 नोव्हेंबर 2006 रोजी करार झाला तेव्हा भारताच्या वतीने अनिल काकोडकरांनी सही केली होती. यंत्राला बाहेरून कवेत घेणारं, सुमारे 30 मीटर उंच आणि तितकंच रुंद, 3,800 टनांचं क्रायोस्टॅट लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी घडलं. फ्रान्सने मात्र या प्रकल्पाला कसलीच सवलत दिली नाही. तिथे चार किलोपर्यंत ट्रिटियम ठेवायचा विचार असल्याने 2012 मध्ये त्याला सरळ अणुस्थापना म्हणून परवाना दिला. तोच कायदा, तेच निरीक्षक, अणुवीज केंद्रांचेच थांबे.

“आणि काय झालं?” मामा म्हणाले. “जानेवारी 2022 मध्ये फ्रेंच नियामकाने जोडणीचं काम अडवलं. किरणोत्सार अडवायला भिंतींचं काँक्रीट पुरतं का, वाढवलं तर पाया ते पेलेल का, हे सिद्ध करा, म्हणाले. आता नव्या वेळापत्रकात संशोधन 2034 मध्ये सुरू होणार आणि ट्रिटियम 2039 मध्ये. पहिल्या वेळापत्रकानुसार सगळं कधीच सुरू व्हायला हवं होतं.”

“नियामकाने नेमकं काय अडवलं, तेही सांग की.”

नियामकाने अडवलं होतं निर्वात पात्राचे भाग एकमेकांना वेल्ड करणं. एकदा वेल्ड झालं की परत उघडणं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकल्पाने स्वतःच जाहीर केलं की काही भागांच्या कडा मापात बसत नाहीत आणि उष्णतारोधक कवचाच्या शीतनलिकांना गंजून चिरा पडल्या आहेत. खड्ड्यात उतरवलेला पहिला भाग 2023 मध्ये पुन्हा वर काढावा लागला.

“चिरा नियामकाने शोधल्या नाहीत,” मामा म्हणाले. “प्रकल्पाच्याच माणसांनी शोधल्या. उशिराचं खापर नियमांवर फोडू नये हे खरं, पण श्रेयही त्यांना देऊ नकोस.”

“देत नाही. मी एवढंच म्हणते की वेल्डच्या आधी कोणीतरी थांब म्हणालं, ते बरं झालं. तुझ्या हलक्या नियमांत ‘थांब’ म्हणायला कोण आहे?”

हलक्या नियमांचं बळ आणि दुखणं, दोन्ही याच प्रश्नात आहे. अमेरिकेत या वर्गातले परवाने बहुतेक ठिकाणी केंद्रीय आयोग देत नाही. ज्या राज्यांनी आयोगाशी करार केला आहे त्यांचे किरणोत्सार विभाग देतात. कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हेन्स इथे स्पार्क हे यंत्र बांधते आहे. वॉशिंग्टन राज्यात हेलियन ही दुसरी. रुग्णालयांची आणि प्रयोगशाळांची तपासणी करणारे हेच विभाग आता संलयनाच्या यंत्रांकडे बघणार. दरम्यान विजेची आगाऊ विक्री सुरू झालेली आहे. आयुक्तांच्या मतदानानंतर महिनाभरात, मे 2023 मध्ये, हेलियनने मायक्रोसॉफ्टला 2028 पासून वीज द्यायचा करार केला. कॉमनवेल्थच्या व्हर्जिनियातल्या नियोजित केंद्रातली 200 मेगावॉट वीज 2025 मध्ये गुगलने राखून ठेवली.

“मला हे सगळं फार ओळखीचं वाटतं,” भाचीने टेबलावरच्या कागदांवर टिचकी मारली. “बांधकामाचा दाखला, सीसी, हातात नाही आणि फ्लॅट बुक झाले. राहण्याचा दाखला, ओसी, नंतर बघू.”

“त्यात कोणाचं घर बुडत नाही. वीज नाही आली तर मायक्रोसॉफ्ट दुसरीकडून घेईल.”

हे उत्तर तिला आवडलं, पण तिचा खरा मुद्दा वेगळा होता. अणुवीज केंद्र म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून सरकारही जागरूक असतं. माणसं मात्र हलक्या वर्गातल्या वस्तूंनीही मेली आहेत. ब्राझीलमधल्या गोयानियात 1987 मध्ये सोडून दिलेल्या रुग्णालयातलं किरणोपचाराचं यंत्र भंगारात गेलं; सिझियमच्या निळ्या चमकणाऱ्या पुडीने चौघांचा जीव घेतला. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये तेच झालं. एका विद्यापीठात 1985 पासून पडून असलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात विकलं गेलं, भंगारवाल्याने ते फोडलं, एक माणूस दगावला आणि बरेच जण रुग्णालयात गेले.

“त्या यंत्राचाही परवाना असणारच कधीतरी,” ती म्हणाली. “पंचवीस वर्षं त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. 2012 चा कॅगचा अहवाल काढ. देशातली सुमारे 91 टक्के वैद्यकीय क्ष-किरण यंत्रं तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदवलेलीच नव्हती. हलका वर्ग म्हणजे कमी धोका, हे कागदावर. प्रत्यक्षात हलका वर्ग म्हणजे कमी माणसं.”

मामांनी हे मान्य केलं, आणि नुसतं मान्य करून थांबले नाहीत. संलयनाच्या यंत्रात उरणारा कचरा कोणता, हे त्यांनी तिला लिहून घ्यायला सांगितलं. 14.1 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे न्यूट्रॉन भिंतीवर आदळत राहतात आणि पोलाद स्वतः किरणोत्सारी होतं. योग्य मिश्रधातू निवडले तर त्याचा बराचसा भाग शंभरेक वर्षांत निवळतो. विखंडनाच्या वापरलेल्या इंधनाला लागणाऱ्या हजारो वर्षांपुढे हे काहीच नाही. “पण शंभर वर्षं म्हणजे चार पिढ्या,” ते म्हणाले. “एवढी वर्षं टिकलेली स्टार्टअप मी पाहिलेली नाही.”

बॉम्बचा प्रश्न त्यांनी झटक्यात उरकला. न्यूट्रॉनच्या झोतात युरेनियम ठेवलं तर प्लुटोनियम बनू शकतं, हे खरं. परंतु निव्वळ संलयनाच्या आवारात युरेनियमचं कामच नसतं. ते चिमूटभर सापडलं तरी लबाडी उघडी पडते. निरीक्षकाला हे काम विखंडन केंद्रापेक्षा सोपं.

“आणि युरेनियम मुद्दाम ठेवलेलं असेल तर?” भाचीने विचारलं. हा प्रश्न विचारायची ती सकाळपासून वाट बघत होती.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये भारतासाठी एक आराखडा मांडला. त्यात एसएसटी-भारत नावाचं पुढचं यंत्र आहे आणि ते संकर आहे: 130 मेगावॉटपैकी 100 विखंडनातून. संलयनाचे न्यूट्रॉन वापरून विखंडन घडवायचं, ही कल्पना जुनी आणि शास्त्रीयदृष्ट्या सरळ आहे. पण नावात संलयन असलं तरी पोटात विखंडनाचं इंधन आलं, आणि त्याबरोबर उरलेली उष्णता, दीर्घायुषी कचरा, पहाराही आला.

“तिथे मी तुझ्या बाजूला,” मामा लगेच म्हणाले. “ती भट्टीच. तिला भट्टीचाच कायदा.”

भारताच्या बाबतीत या वादाला एक गमतीदार इतिहास आहे. ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष होमी भाभा. संलयनाची ऊर्जा ताब्यात आणण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. भाकीत चुकलं, पण 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने ते मनावर घेतलं होतं: ‘अणुऊर्जा’ या शब्दाच्या व्याख्येत विखंडन आणि संलयन दोन्ही शेजारी शेजारी बसवले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर करून 1962 चा कायदा मोडीत काढला, अणुऊर्जेचं दार खासगी कंपन्यांना उघडलं आणि 1983 पासून सरकारी आदेशावर चाललेल्या नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला.

जर्मनीचा प्रवास याच्या उलटा. तिथल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या 15 एप्रिल 2023 रोजी बंद झाल्या, अमेरिकी आयुक्तांचा निर्णय जाहीर झाला त्याच आठवड्यात. आता तिथलं सरकार संलयनाला अणुकायद्याच्या बाहेर, किरणोत्सार संरक्षणाच्या कायद्यात बसवण्याच्या मार्गावर आहे. अणू नको, पण संलयन हवं, असं मतदाराला सांगायचं तर दोन्हींचे कायदे वेगळे हवेतच. भाचीला ही राजकीय सोय वाटते, मामांना शहाणपण.

चहा आला तेव्हा टिपणाच्या शेवटच्या पानावर दोघांच्या संमतीचे चार मुद्दे उतरले होते. परवान्यावर यंत्राचं नाव काय आहे यापेक्षा आवारात जास्तीत जास्त किती ग्रॅम ट्रिटियम राहील, तो आकडा ठळक छापावा. तो ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की नियम आपोआप जड व्हावेत. अमेरिकी कर्मचाऱ्यांनी सुचवलेली आणि आयुक्तांनी नाकारलेली वाट ती हीच. विखंडनाचं इंधन असलेल्या संकर यंत्राला सवलत नसावी. गळतीचे आकडे गावातल्या माणसाला मागावे लागू नयेत. ते त्याला दिसत राहावेत.

मतभेद उरला तो वेळेचा. वर्ग आत्ताच ठरवा, नाहीतर कोणी यंत्र बांधणारच नाही, हे मामांचं म्हणणं. आधी एक तरी ट्रिटियम पिकवणारं यंत्र चालू द्या, तोवर प्रत्येक परवाना तात्पुरता असू द्या, हे भाचीचं. कोणीच मागे हटलं नाही. मात्र खासगी कंपनीला ‘तात्पुरता’ हा शब्द दाखवला तर बँक कर्ज देणार नाही, हे मामांचं वाक्य तिने समासात लिहून ठेवलं.

निघताना तिने सोसायटीच्या करारनाम्यात पेनाने एक कलम वाढवलं: बांधकामाला हात लावण्याआधी बिल्डरने सोसायटीच्या नावे बँक हमी द्यावी. मामांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, “हे तुझ्या टिपणातही घाल. यंत्र उकलायचा पैसा आधी जमा, मग परवाना.” तिने पाचवा मुद्दा लिहिला आणि त्याखाली उदाहरण म्हणून एकच ओळ टाकली: जेटचा शेवटचा प्लाझ्मा डिसेंबर 2023 मध्ये विझला, ते यंत्र उकलून जागा मोकळी करण्याचं काम 2040 च्या सुमारास संपायचं आहे.